सूर्यास्तानंतरची झडती: एका फौजदारी अपिलाचा प्रकरण अभ्यास

गाव, नावं आणि नेमक्या तारखा गाळल्या आहेत. ओळख पटेल असे काही बारकावे बदलले आहेत. अपिलात कोणते कागद हाती आले, त्यातून काय दिसलं, कुठे चुकीच्या बाजूला वळलो आणि कुठे परत फिरलो, हे मात्र तसंच ठेवलं आहे. खटला अमली पदार्थांचा, म्हणजे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखालचा. उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीमार्फत तो माझ्याकडे आला.

पार्श्वभूमी

डिसेंबर २०१९. मराठवाड्यातलं एक तालुक्याचं गाव. सहायक पोलीस निरीक्षकांना (पुढे एपीआय) दुपारी ४ वाजून ४० मिनिटांनी बातमीदाराकडून खबर मिळाली की मोंढ्यामागच्या एका खोलीत राहणाऱ्या तरुणाने गांजा आणून ठेवला आहे. एपीआयनी ठाणे दैनंदिनीत चार ओळींची नोंद केली, पोलीस निरीक्षकांना फोनवर कळवलं, दोन पंच आणि एक वजनकाटेवाला बोलावला, आणि पथक निघालं. पंचनामा सुरू झाला ७ वाजून ५० मिनिटांनी आणि संपला रात्री सव्वादहाला.

कॉटखाली दोन गोण्या मिळाल्या. वजन भरलं २४ किलो ३०० ग्रॅम. तरुणाच्या अंगझडतीत एक मोबाइल आणि ३१० रुपये मिळाले, दुसरं काही नाही.

तरुण चोवीस वर्षांचा, मोंढ्यात हमाली करणारा. गांजा २० किलोच्या वर गेला की कायदा त्याला व्यापारी प्रमाण म्हणतो, आणि मग किमान शिक्षा दहा वर्षं सक्तमजुरी व एक लाख रुपये दंड. त्याखाली जायची मुभा न्यायाधीशांनाही नाही. दोन्ही पंच फितूर झाले, तरी विशेष न्यायालयाने पोलीस साक्षीदारांवर विश्वास ठेवला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ही किमान शिक्षा दिली. अटकेपासून तो आतच होता.

त्याची आई मला पहिल्यांदा भेटली तेव्हा तिच्याकडे निकालाची झेरॉक्स होती, घडी पडून पडून मधोमध फाटलेली. तिचा एकच प्रश्न होता. "मॅडम, माझ्या पोराच्या खिशात काही सापडलं नाही असं पोलिसांनीच लिहिलंय, मग शिक्षा कशी काय झाली?" तिला हे कुणीतरी पक्कं सांगून ठेवलं होतं: झडतीचा कागद चुकलाय, वर गेलं की सुटणार. कागद खरोखरच चुकला होता. पण त्या चुकीने तो सुटणार नव्हता, आणि हे तिला समजावून सांगायला मला स्वतःला आधी काही महिने लागले.

अडचण

खालच्या कोर्टातला सगळा बचाव कलम ५० वर उभा होता. कोणाची अंगझडती घ्यायची असेल तर त्याला आधी सांगावं लागतं की राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट यांच्यासमोर झडती घेण्याचा तुला हक्क आहे. इथे दिलेल्या पत्रात दोनच्या जागी तीन पर्याय छापलेले होते, आणि तिसरा होता "किंवा आमच्या पथकातील अधिकारी". तरुणाने तिसऱ्यापुढे सही केली होती. असा तिसरा पर्याय कायद्यात नाही. राजस्थान राज्य विरुद्ध परमानंद या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो चुकीचा ठरवला आहे. त्याच निकालात असंही म्हटलं होतं की बॅगेबरोबर माणसाचीही झडती घेतली असेल तर कलम ५० लागू होतं. अपिलाचा मसुदा करताना पहिला मुद्दा साहजिकच तोच घातला गेला.

मी तोच धागा पुढे ओढला. २०२३ च्या मध्यावर शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागताना मी जवळपास पूर्ण वेळ या तिसऱ्या पर्यायावर बोलले. या कायद्यात स्थगिती मिळणं आधीच कठीण. शिक्षा स्थगित करण्यावरची कलम ३२-क ची बंदी पूर्ण नाही, असं दादू ऊर्फ तुळशीदास विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००० च्या निकालाने सांगितलं खरं, पण जामिनासाठीच्या कलम ३७ च्या कडक अटी तिथेही पार कराव्या लागतात. न्यायमूर्तींनी एकच विचारलं: "गोण्या त्याच्या अंगावर होत्या का?" अर्ज फेटाळला गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये रंजन कुमार चढ्ढा विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य हा निकाल आला आणि उरलीसुरली वाटही बंद झाली. कलम ५० हे शरीराच्या झडतीपुरतं आहे. माल बॅगेत किंवा इतरत्र सापडला असेल, तर अंगझडतीही घेतली एवढ्यावर ते लागू होत नाही.

दुसरी अडचण अधिक खोलवरची. अशील मंडळींना, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच नव्या वकिलांनाही, वाटतं की झडती बेकायदा ठरली की त्यात सापडलेलं सगळं आपोआप बाद होतं. अमेरिकेत १९६१ च्या मॅप विरुद्ध ओहायो निकालापासून साधारण तसा नियम आहे. आपल्याकडे नाही. पूरण मल प्रकरणात १९७३ साली घटनापीठाने सांगितलं की पुरावा बेकायदा झडतीतून आला एवढ्याच कारणाने तो वगळता येत नाही. एनडीपीएसमध्ये वेगळं घडतं ते एवढ्यासाठी की काही अटी संसदेने स्वतःच सक्तीच्या केल्या आहेत. शिक्षा जबर आहे, आणि ताबा सिद्ध झाला की आरोपीच्या विरुद्ध गृहीतकं उभी राहतात. म्हणून कोर्ट त्या अटी काटेकोरपणे तपासतं. "झडती बेकायदा" हे दोन शब्द अपिलात पुरत नाहीत. कशाची झडती, कुठे, किती वाजता, कोणत्या कलमाखाली, आणि ती अट पाळल्याचा कागद कोणता, एवढं सांगावं लागतं.

कागद पुन्हा वाचताना

स्थगिती फेटाळल्यावर मी पेपरबुक, म्हणजे अपिलासाठी तयार केलेला कागदपत्रांचा संच, बाजूला ठेवलं आणि मूळ पंचनाम्याची मराठी प्रत मागवली. पेपरबुकातला इंग्रजी तर्जुमा गुळगुळीत असतो. मूळ पंचनाम्यात हवालदाराच्या अक्षरात असं वाक्य होतं: "सदर खोलीतील बल्बचे उजेडात व सोबतचे बॅटरीचे साहाय्याने कॉटखाली पाहणी केली असता." तर्जुम्यात त्याचं "पाहणी केली असता" एवढंच उरलं होतं.

डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. ७:५० ला खोलीत शिरणं म्हणजे रात्रीची झडती. खोली म्हणजे राहण्याची जागा, सार्वजनिक ठिकाण नव्हे, म्हणून कलम ४३ नाही तर कलम ४२ लागू. हे कलम तीन गोष्टी मागतं. खबर लिहून घ्या. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात वॉरंटशिवाय शिरणार असाल तर, वॉरंट आणायला गेलो तर माल लपवला जाईल किंवा आरोपी पळेल असं का वाटतं, याची कारणं आधी नोंदवा. आणि त्याची प्रत ७२ तासांच्या आत लगतच्या वरिष्ठाला पाठवा.

मग मी ठाणे दैनंदिनीचा उतारा काढला. चार ओळींत खबर होती, पंच बोलावल्याचं होतं, रवाना झाल्याचं होतं. कारणांचा एक शब्द नव्हता.

सर्वांत मोलाची गोष्ट खालच्या कोर्टातल्या वकिलांनी करून ठेवली होती. त्यांचा रोख पूर्णपणे कलम ५० वर होता, पण एपीआयच्या उलटतपासणीत त्यांनी जाता जाता तीन प्रश्न विचारले होते. उत्तरं अशी (एसडीपीओ म्हणजे उपविभागीय पोलीस अधिकारी, झडतीचा अधिकार देऊ शकणारे राजपत्रित अधिकारी): "एसडीपीओ साहेबांचे कार्यालय पोलीस ठाण्याच्या आवारातच आहे हे खरे आहे." "मी वॉरंट मिळवण्याचा प्रयत्न केला नाही." "दैनंदिनीतील नोंदीव्यतिरिक्त मी वेगळी कारणे लिहिलेली नाहीत." हे त्यांनी का विचारलं, ते लेखी युक्तिवादात कुठेच आलं नाही. पण अपील या तीन उत्तरांवर उभं राहिलं. त्या वकिलांना मी फोन करून हे सांगितलं, कारण एरवी अपिलात खालच्या वकिलाची आठवण फक्त दोष द्यायलाच काढली जाते.

७२ तासांचा प्रश्नही उघडा पडला. पोलीस निरीक्षक हे एपीआयचे लगतचे वरिष्ठ. त्यांची साक्ष होती: "मला फोनवर माहिती मिळाली. लेखी प्रत मिळाल्याचे आठवत नाही." एसडीपीओ कार्यालयाला पाठवलेल्या पत्राची कार्यालयीन प्रत नस्तीत होती, पण तिच्यावरचा जावक क्रमांक छाप्यानंतर पाचव्या दिवसाचा, आणि आवक शिक्का नाहीच. एकाच आवारातल्या दोन खोल्यांमधलं हे अंतर.

कोणते पर्याय होते

पहिला, कलम ५० धरून ठेवणं. आईला तोच मुद्दा कळत होता आणि तिचा विश्वास त्यावर होता. मी तो सोडायचं ठरवलं. बुडता मुद्दा पहिल्या क्रमांकावर ठेवला की न्यायमूर्तींचा पहिला अर्धा तास आपल्याविरुद्ध जातो. आईला मी सांगितलं, "मावशी, पोलिसांनी खिशाच्या झडतीत चूक केली, पण खिशात काही निघालंच नाही, म्हणून त्या चुकीचा आपल्याला उपयोग नाही. खोलीत शिरताना जी चूक केली, ती आपल्या कामाची आहे." ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तुम्हाला पटतंय ना, मग तसं करा."

दुसरा पर्याय मोहात पाडणारा होता: वजन. कायद्याने गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. बिया आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर त्यांची गणना त्यात होत नाही. पंचनाम्यात "उग्र वासाचा, पाने, फुले, काड्या व बिया मिश्रित" असा माल, आणि वजन सगळ्याचं एकत्र. काड्या वेगळ्या केल्या असत्या तर आकडा २० किलोखाली आला असता, असं म्हणायला जागा होती. मग किमान दहा वर्षांची सक्ती गेली असती आणि भोगलेल्या शिक्षेवर सुटका मागता आली असती. वाट सुरक्षित होती, पण दोषसिद्धीचा शिक्का आयुष्यभर राहणार होता. शिवाय सुरुवातीलाच वजनावर आलो की "माल माझाच, पण कमी" असा सूर लागतो. मी तो मुद्दा लेखी टिपणात शेवटी, पर्यायी म्हणून ठेवला आणि तोंडी उच्चारला नाही.

तिसरा नमुन्यांचा. नमुने जागेवरच पोलिसांनी काढले होते, कलम ५२-क प्रमाणे मॅजिस्ट्रेटसमोर नाही. भारत सरकार विरुद्ध मोहनलाल (२०१६) हा निकाल या बाबतीत बचावाच्या बाजूचा. मुद्देमाल रजिस्टरात सीलचा रकाना कोरा होता. हा मुद्दा घेतला, पण दुय्यम म्हणून. मालाची साखळी कुठे तुटली हे दाखवल्याशिवाय तो एकटा तरणार नाही असं मला वाटत होतं. नंतर, २०२५ च्या भारत आंबाळे निकालात सर्वोच्च न्यायालयाने साधारण तेच म्हटलं.

चौथा निर्णय मला सर्वांत जड गेला. एसडीपीओ कार्यालयाचं आवक रजिस्टर अपिलात जादा पुरावा म्हणून मागवायचं का? फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९१ खाली ते शक्य होतं. रजिस्टरात नोंद नसेल तर आमची बाजू लोखंडी होणार. पण असेल तर? किंवा मागणीनंतर एखादी नोंद 'सापडली' तर? अट पाळली हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर होता आणि सरकारने तो पेलला नव्हता. ती पोकळी भरायची संधी मीच का द्यावी? मी अर्ज केला नाही. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे पटलं नव्हतं. त्यांच्या मते आरोपीच्या वकिलाने सत्य शोधायला घाबरू नये. त्यांच्या म्हणण्याचं वजन मला अजूनही जाणवतं. पण तुरुंगात बसलेल्या माणसाच्या वतीने मी पैज लावू शकत नव्हते.

काय केलं

अपिलाच्या मुद्द्यांमध्ये दुरुस्तीची परवानगी घेतली आणि कलम ४२ पहिलं आणलं. दोन पानांचं टिपण केलं. डावीकडे वेळ, उजवीकडे कागद: ४:४० खबर, त्यापुढे दैनंदिनीचा उतारा. सूर्यास्त, त्यापुढे पंचनाम्यातलं बल्ब आणि बॅटरीचं वाक्य, मूळ मराठीत. ७:५० प्रवेश. पाचवा दिवस, जावक क्रमांक. "कारणे नोंदवल्याचा कागद" या ओळीपुढची जागा रिकामी सोडली.

सुनावणी जून २०२४ मध्ये झाली. सरकारी अभियोक्त्यांनी चांगली झुंज दिली. त्यांचा पहिला मुद्दा, हा आक्षेप खालच्या कोर्टात घेतलाच नव्हता, आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६५ प्रमाणे अनियमिततेने न्याय बिघडला असं दिसल्याशिवाय निकाल रद्द होत नाही. आमचं उत्तर असं की तथ्यं सरकारच्याच कागदांत आणि सरकारच्याच साक्षीदाराच्या तोंडी आहेत, त्यामुळे हा निव्वळ कायद्याचा प्रश्न आहे आणि तो अपिलात काढता येतो. दुसरा मुद्दा, खबर दैनंदिनीत लिहिली म्हणजे भरीव पालन झालं. इथे कर्नेल सिंग विरुद्ध हरियाणा राज्य (२००९) या घटनापीठाच्या निकालाचा दोन्ही बाजूंनी आधार घेतला गेला. उशिरा केलेलं पालन समाधानकारक खुलासा असेल तर चालतं, पालन अजिबातच नसेल तर चालत नाही, हा त्याचा गाभा. आमचं म्हणणं: खबर लिहिली हे मान्य, पण विश्वासाची कारणं उशिराही लिहिलेली नाहीत आणि पाच दिवसांच्या उशिराचा खुलासा कोणी दिलेला नाही.

तिसरा मुद्दा मला अपेक्षित होता, आणि तो धोकादायक होता. राजपत्रित अधिकाऱ्याने स्वतः कलम ४१ खाली झडती घेतली तर कलम ४२ च्या या अटी लागत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने एम. प्रभुलाल प्रकरणात २००३ मध्ये म्हटलं आहे. अभियोक्ते म्हणाले, एसडीपीओ घटनास्थळी हजर होते. सुदैवाने पंचनाम्यातच उत्तर होतं: "९.१० वा. मा. उपविभागीय पोलीस अधिकारी सो. यांनी भेट दिली." गोण्या तोवर उघडून वजन झालं होतं.

शेवटी अभियोक्त्यांनी आवक रजिस्टर हजर करण्यासाठी वेळ मागितला. त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला. न्यायमूर्तींनी विचारलं की तीन वर्षं खटला चालला तेव्हा ते का आणलं नाही, आणि वेळ नाकारली.

निकाल

दोषसिद्धी रद्द झाली. कोर्टाने दोन गोष्टींवर भर दिला. सूर्यास्तानंतर खोलीत शिरण्याआधी कारणं नोंदवणं सक्तीचं आहे, हे पंजाब राज्य विरुद्ध बलबीर सिंग या १९९४ च्या निकालापासून ठरलेलं आहे, आणि इथे ती नोंद पूर्णपणे नाही. शिवाय हाताशी तीन तास आणि त्याच आवारात अधिकार देऊ शकणारा अधिकारी असताना तातडीचा बचाव टिकत नाही. नमुन्यांच्या मुद्द्यावर एक परिच्छेद, कलम ५० वर एक ओळ: लागू नाही.

तोपर्यंत तरुणाने साडेचार वर्षं तुरुंगात काढली होती.

काय वेगळं करता आलं असतं

स्थगितीच्या अर्जावर मी कलम ४२ मांडायला हवं होतं. बल्बचं वाक्य तेव्हाही त्या कागदावर होतं. मी तर्जुमा वाचला आणि तयार मुद्दे उचलले. स्थगिती मिळालीच असती असं नाही, पण जवळजवळ एक वर्ष त्या पोराचं वाचण्याची शक्यता होती, आणि ती मी तपासली नाही. तेव्हापासून झडतीच्या प्रत्येक अपिलात मी आधी मूळ मराठी पंचनामा मागते आणि मगच पेपरबुक उघडते.

खटल्याच्या पातळीवर खरी संधी अटकेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत असते. पोलीस गाडीचं लॉगबुक, ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण, छाप्यातल्या अधिकाऱ्यांच्या मोबाइलचे टॉवर तपशील. परमवीर सिंग सैनी निकालात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही बसवायला सांगितलं, पण चित्रण जपून ठेवा असा अर्ज वेळेत केला नाही तर ते पुसलं जातं. या खटल्यात असा एकही अर्ज झाला नव्हता. तेव्हाची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ ची होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ९४ आहे.

उलटतपासणीतला एक प्रश्नही राहून गेला. "सूर्य किती वाजता मावळला?" हे कोणीच विचारलं नाही. आम्हाला पंचनाम्याच्या वाक्यावरून ते सिद्ध करावं लागलं. तिथे "बल्बचे उजेडात" लिहिलं नसतं, तर अभियोक्त्यांनी संधिप्रकाशाचा वाद उभा केला असता आणि डिसेंबरऐवजी मे महिना आणि प्रवेशाची वेळ सातच्या आसपासची असती तर तो कदाचित टिकलाही असता. मे महिन्यात सूर्य सातच्या आसपास मावळतो, तेव्हा पंधरा-वीस मिनिटांवर सगळं अवलंबून राहतं.

१ जुलै २०२४ नंतरच्या झडत्यांसाठी एक नवा कागद तपासावा लागतो. नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण करून ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं आहे. माझ्याकडे सध्या असलेल्या एका प्रकरणात चित्रफीत आहे. ती सुरू होते तेव्हा गोण्या आधीच अंगणात आणून ठेवलेल्या दिसतात, आणि मागच्या खोलीत बल्ब लागलेला आहे. या वेळी पहिला प्रश्न खालच्या कोर्टातच विचारला जाणार आहे.